हिपॅटायटिस सी : तपासणी कोणाची करावी, पैसा कुठे लावावा?

(आरोग्य समितीकडून)



गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरातल्या एक जुन्या सेवेकरी काकू अचानक येईनाशा झाल्या. एकादशीची भगर आणि दाण्याची आमटी त्यांच्याच हातची असायची. फोन केला की म्हणायच्या, "गुडघे धरलेत गं, आता होत नाही." खरे कारण दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळले. थकवा जात नाही म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासले आणि त्यात हिपॅटायटिस सी निघाला. १९८८ साली, दुसऱ्या बाळंतपणात, गावाकडच्या एका दवाखान्यात त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते. त्या रक्ताने जीव वाचवला आणि बहुधा त्याच रक्तातून हा विषाणूही आला. पस्तीस वर्षांहून अधिक काळ तो अंगात होता आणि त्याने एकदाही हाक दिली नाही. काकूंच्या मनाने मात्र एकच धसका घेतला : माझ्या हातचा प्रसाद लोकांनी आता कसा खायचा?

काकू आज बऱ्या आहेत. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, विषाणू गेला. पुन्हा स्वयंपाकघरात येतात. त्यांच्याच परवानगीने, नाव न सांगता, ही हकिगत येथे दिली आहे.

या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक सूचना आली. रुग्णसेवा निधीतून गणेशोत्सवात शिबिर घेऊ आणि येणाऱ्या प्रत्येक भाविकाची हिपॅटायटिस सीची तपासणी करू. सूचना मनापासूनची होती. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "देवापुढे सगळे सारखे. मग तपासणीत हा हवा आणि तो नको, असा भेद कशाला?"

प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचे उत्तर नीट शोधायचे ठरले. हाच प्रश्न नेदरलँड्स सरकारने, इथल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी गेली वीसेक वर्षे स्वतःला विचारला आहे. त्यांनी प्रयोग केले, हिशेब मांडले, काही ठिकाणी हात पोळून घेतले. त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते सांगण्यासाठी हा लेख.

हा आजार म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे हिपॅटायटिस म्हटले की कावीळ आठवते. डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, उसाचा रस, आणि कुणाच्या तरी गावचे झाडपाल्याचे औषध. ती कावीळ बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येणाऱ्या ए किंवा ई विषाणूची असते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. सी विषाणूची चाल वेगळी. तो रक्तातून रक्तात जातो. लागण झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दहापैकी साधारण तिघांचे शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला स्वतःच हुसकावून लावते. उरलेल्या सातांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. अशा जुनाट लागणीत वीस वर्षांच्या काळात शंभरातील पंधरा ते तीस जणांचे यकृत कठीण, व्रणांनी भरलेले होते. त्याला सिरॉसिस म्हणतात. पुढे त्यातून पोटात पाणी होणे, रक्ताच्या उलट्या, यकृताचा कर्करोग, इथवर मजल जाऊ शकते.

हा विषाणू १९८९ साली शोधला गेला. त्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच माहीत नव्हता, तोवर दान केलेल्या रक्तात तो आहे की नाही हे तपासणार तरी कसे? म्हणून नेदरलँड्समध्ये १९९२ पूर्वी रक्त चढवलेल्यांना धोक्याच्या गटात धरतात. भारतात रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. या दोन सालांमधला फरक आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. इथला डॉक्टर मनात १९९२ ची रेघ धरून बसलेला असतो. आपल्या आईला १९९७ साली नाशिकला किंवा साताऱ्याला रक्त चढवले असेल, तर ते आपणच त्याला सांगायला हवे.

प्रसाद, मिठी आणि एकच पेला

हे ठळक अक्षरांत सांगायला हवे, कारण काकूंसारखे किती जण मनात कुढत असतील, कोण जाणे. हिपॅटायटिस सी स्वयंपाकातून पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने, गळाभेटीने, पाया पडल्याने, आईच्या दुधातून, खोकल्या-शिंकण्यातून तो पसरत नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांनी पोळ्या लाटाव्यात, मोदक वळावेत, तीर्थ द्यावे. बोट कापले तर पट्टी बांधावी. ते तर सर्वांनीच करायचे असते. फक्त दाढीचे पाते, नेलकटर, दातांचा ब्रश आणि मधुमेहाची सुई या वस्तू घरात प्रत्येकाच्या वेगळ्या असाव्यात.

हजार जणांचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. तपासणी चांगली, उपचार चांगला, मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये?

आकडे सोपे पडावेत म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा एका तपासणीला २० युरो लागतात. हजार जणांचे २०,००० युरो झाले. या हजारांत आजारी दोनच असतील, तर एक रुग्ण शोधायला १०,००० युरो पडले. पण हजार माणसे अशी निवडली की ज्यांना पूर्वी तपासणीविना रक्त चढवले होते, किंवा जी जास्त प्रादुर्भावाच्या देशांतून आली आहेत, आणि त्यांच्यात वीस रुग्ण निघाले, तर तोच खर्च दर रुग्णामागे १,००० युरोंवर येतो. सुई तीच, नळी तीच, प्रयोगशाळा तीच. फक्त कोणाच्या दंडातून रक्त घेतले, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट पैशांपलीकडची आहे. कोणतीही तपासणी शंभर टक्के अचूक नसते. समजा आपली तपासणी निरोगी माणसांत दर हजारी पाच वेळा चुकून "आहे" म्हणते. पहिल्या गटात खरे रुग्ण दोन आणि खोटी धास्ती घेतलेले पाच! पुढची पक्की तपासणी होऊन निकाल येईपर्यंत त्या पाच घरांतली झोप उडालेली. दुसऱ्या गटातही साधारण पाच जण असे निघतील, पण त्यांच्या शेजारी वीस खरे रुग्ण असतील, ज्यांचा जीव त्या तपासणीने वाचू शकतो.

नेदरलँड्समध्ये २०१६ सालासाठी केलेल्या एका अंदाजानुसार, ज्यांना कधी ना कधी जुनाट हिपॅटायटिस सी झाला अशांचे प्रमाण लोकसंख्येत सुमारे ०.१६ टक्के आहे. म्हणजे हजारात दोघांपेक्षाही कमी. त्यांतले निम्म्याहून अधिक जण परदेशात जन्मून येथे आलेले. म्हणून हा देश सरसकट सर्वांची तपासणी करत नाही. देशभर शोधण्याइतके रुग्ण सगळीकडे नाहीत. ते काही ठरावीक गटांत एकवटलेले आहेत.

इथल्या सरकारने काय करून पाहिले

२००७–०८ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये हिपॅटायटिस सीसाठी तीन प्रकारे मोहीम राबवली गेली. एक सर्वसामान्य जनतेसाठी नुसती जाहिरात. दुसरी तशीच, पण जोडीला त्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांना, म्हणजे हाउसआर्ट्सना, प्रशिक्षण आणि साहाय्य. तिसरी अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांसाठी, त्यांच्याकडे स्वतःहून जाऊन. खर्च आणि लाभ यांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला.

त्या हिशेबाचे माप समजून घेऊ. उपचाराने आयुष्य किती वाढले आणि ते वर्ष किती धडधाकट गेले, हे दोन्ही एकत्र धरून "चांगल्या आरोग्याचे एक वर्ष" हे एकक करतात. असे एक वर्ष मिळवायला किती युरो लागले, तो त्या योजनेचा भाव. इथे आजाराचे गांभीर्य पाहून असे एक वर्ष २०,००० ते ८०,००० युरोंपर्यंत पडले तरी परवडणारे मानतात. गंभीर आजाराला मर्यादा जास्त, सौम्य आजाराला कमी.

या मापाने डॉक्टरांना साहाय्य जोडलेली मोहीम सुमारे ११,००० युरोंत बसली. अमली पदार्थांच्या गटातली मोहीम सुमारे ७,००० युरोंत. दोन्ही चांगल्या सौद्यात मोडतात. नुसत्या जाहिरातीचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही. यात नवल काय? जाहिरात वाचून चिंता करणारे बरेच निघतात, पण ज्याला खरा धोका आहे त्याला ती जाहिरात आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. वाटले तरी डॉक्टरांपुढे जाऊन काय विचारायचे, हे ठाऊक नसते. डॉक्टरही तयारीत नसेल तर "काही होत नाही, पॅरासिटामॉल घ्या" म्हणून परत पाठवतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना नवा नाही!

दुसरे उदाहरण अॅम्स्टरडॅमचे. गरोदर स्त्रियांची रक्ततपासणी होतेच, त्यात हिपॅटायटिस सीची भर घातली तर? हा हिशेब २०१३ साली प्रसिद्ध झाला. सर्व गरोदर स्त्रियांची तपासणी केली तर आयुष्याचे एक वर्ष वाचवायला सुमारे ५२,००० युरो पडत होते. त्यांनी धरलेली मर्यादा होती ५०,०००. म्हणजे योजना थोडक्यात नापास. पण पाश्चात्त्येतर देशांतून स्वतः स्थलांतर करून आलेल्या स्त्रियांचीच केली, तर आकडा ४७,००० च्या आसपास आला आणि मर्यादेच्या आत बसला. हे आकडे त्या वेळच्या उपचारांवर आधारलेले आहेत. औषधांचा भाव आणि गुण बदलला की हिशेबही बदलतो. आणि झालेही तसेच.

औषधाचा भाव बदलला आणि हिशेब पालटला

पूर्वीचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या. सहा महिने ते वर्षभर ताप, अंगदुखी, उदास मन. आणि विषाणूच्या सर्वांत चिवट प्रकारात एवढे सोसूनही जेमतेम निम्मे बरे व्हायचे. २०१३–१४ मध्ये सोफोस्बुव्हिर आणि त्या कुळातल्या गोळ्या आल्या. साधारण आठ ते बारा आठवड्यांचा उपचार, त्रास किरकोळ, आणि शंभरातील पंचाण्णव किंवा त्याहून अधिक बरे. पण किंमत? अमेरिकेत बारा आठवड्यांच्या औषधाला ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. युरोपातही भाव गगनाला भिडलेले. म्हणून नेदरलँड्सने सुरुवातीला ही औषधे फक्त यकृत जास्त खराब झालेल्यांनाच दिली. औषध कंपन्यांशी भावाची बोलणी झाल्यानंतर, नोव्हेंबर २०१५ पासून ती सर्व रुग्णांना खुली झाली.

परिणाम लगेच दिसला. एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांच्या गटात हिपॅटायटिस सीची नवी लागण २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. एक माणूस बरा झाला की त्याच्यापासून पुढे होणारी लागणही थांबते. उपचाराचा हा दुसरा लाभ हिशेबात धरला की शोधमोहीम आणखी स्वस्त पडते.

भारताने यात मोठा वाटा उचलला. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ही औषधे बनवण्याचे परवाने दिले आणि भाव मूळ किमतीच्या अगदी थोड्या अंशावर आला. पंजाबात, जिथे हा आजार देशाच्या मानाने जास्त आहे, राज्य सरकारने २०१६ साली मोफत उपचाराची योजना सुरू केली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळते. आपले आईवडील भारतात राहत असतील तर हे त्यांना आवर्जून कळवा.

इजिप्तने सगळ्यांना का तपासले?

कुणी म्हणेल, इजिप्तने तर सरसकट सगळ्यांना तपासले! खरे आहे. २०१८–१९ मध्ये सात महिन्यांत त्यांनी सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली. पण तिथली गोष्ट निराळी होती. १९५० नंतर काही दशके तिथे बिलहार्झिया या कृमिरोगावर गावोगाव इंजेक्शने दिली गेली आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमधून सी विषाणू घराघरांत पोचला. चांगल्या हेतूने केलेल्या सेवेतून केवढा अपाय झाला, पाहा. तिथे रुग्ण शंभरात अनेक होते, म्हणून प्रत्येकाची तपासणी हाच शहाणा खर्च ठरला. नेदरलँड्समध्ये हजारात दोघेही नाहीत, म्हणून निवडून तपासणी हा शहाणा खर्च. दोन्ही देशांनी एकच गणित केले, फक्त उत्तर वेगळे आले.

२०१६ साली नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने सरकारला हाच सल्ला दिला. सर्व जनतेची तपासणी नको; ज्या देशांत बी किंवा सी विषाणूचे प्रमाण २ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा देशांतून स्वतः आलेल्यांना आणि इतर धोक्याच्या गटांना तपासणी देऊ करावी.

यात आपल्या दृष्टीने बी विषाणू विसरून चालणार नाही. भारत सरकारच्या अंदाजानुसार देशात जुनाट हिपॅटायटिस सीचे ६० लाख ते १ कोटी २० लाख लोक आहेत, तर बीचे सुमारे ४ कोटी. म्हणजे आपल्या लोकांत बी कितीतरी जास्त. बी बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला येतो. तो सीसारखा मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो, आणि त्यावर लस आहे. स्थलांतरितांची बीसाठी एकदाच तपासणी करण्याचा हिशेब नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झाला. चांगल्या आरोग्याचे एक वर्ष सुमारे ९,००० युरोंना पडत होते. म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर बी आणि सी दोन्हींबद्दल विचारा. एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून दोन्ही कळतात.

साखळी तुटली की पैसा वाया

नेदरलँड्सला आणखी एक गोष्ट कळली. अनेकांचे निदान पूर्वीच झाले होते, पण उपचार झालाच नव्हता. कुणाला इंटरफेरॉन सोसले नाही, कुणी पत्ता बदलला, कुणाला पुन्हा कुणी बोलावलेच नाही. नवी औषधे आली, पण ही माणसे जुन्या फायलींत पडून राहिली. मग सेलीन नावाच्या देशव्यापी प्रकल्पात देशातल्या उपचार केंद्रांनी जुन्या नोंदी उघडून अशा लोकांना शोधले आणि परत बोलावले. नवा रुग्ण शोधायला हजारो तपासण्या लागतात. हरवलेला रुग्ण कधी एका पत्राने सापडतो.

तपासणी म्हणजे एक पायरी. पहिली रक्ततपासणी फक्त एवढेच सांगते की हा विषाणू कधीतरी अंगात आला होता. विषाणू गेला तरी ही तपासणी पुढे आयुष्यभर "आहे" म्हणू शकते, तेव्हा घाबरू नये. दुसरी तपासणी, जी विषाणू आत्ता रक्तात आहे का ते पाहते, तीच निर्णायक. त्यानंतर यकृताची तपासणी, मग गोळ्या, आणि गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त. ते स्वच्छ निघाले की बरे झालात. शिबिरात हजार जणांचे रक्त घेऊन निकालाचा कागद हातात दिला आणि पुढे कुणी विचारले नाही, तर तो खर्च वाळूत पाणी ओतल्यासारखा आहे.

मग आपल्या ट्रस्टने काय ठरवले

हे सर्व समजून घेतल्यावर विश्वस्त मंडळाने सरसकट तपासणीचे शिबिर न घेण्याचे एकमताने ठरवले. ज्या ज्येष्ठ विश्वस्तांनी भेदाचा प्रश्न विचारला होता, त्यांनीच शेवटी म्हटले, "पंगतीत वाढताना आपण भुकेल्याला आधी वाढतो, त्याला कुणी भेद म्हणत नाही."

निधी आता तीन कामांसाठी वापरला जाईल.

पहिले, सोबत आणि भाषा. नेदरलँड्समध्ये दवाखान्यातल्या दुभाष्यांसाठीचे सरकारी अनुदान २०१२ पासून बंद झाले. त्यामुळे आजीच्या बाळंतपणाची, जुन्या शस्त्रक्रियेची हकिगत मुलाने किंवा नातवाने डच भाषेत सांगायची वेळ येते. किती गोष्टी आई मुलासमोर बोलत नाही! त्या न बोललेल्या गोष्टीतच कधी आजाराचे मूळ असते. म्हणून डच आणि मराठी दोन्ही येणारे स्वयंसेवक, शक्यतो स्त्रियांसाठी स्त्रिया, डॉक्टरांकडे सोबत जातील आणि ऐकलेले तिथेच ठेवतील.

दुसरे, पैशांची अडचण. हाउसआर्ट्सना भेटण्याचा खर्च विम्याच्या आयखन रिसिकोत धरला जात नाही, पण रक्ततपासणी धरली जाते. ही रक्कम सध्या वर्षाला ३८५ युरो आहे. केवळ त्या भीतीने कुणी तपासणी टाळत असेल, तर समितीला सांगावे. नाव गुप्त राहील.

तिसरे, पाठपुरावा. ज्यांची इच्छा असेल त्यांच्याच बाबतीत एक स्वयंसेवक पुढच्या तारखांची आठवण देईल. तपासणीचे निकाल ट्रस्ट कधीही स्वतःकडे ठेवणार नाही. ते रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातच राहतील.

आपण काय करावे

पुढील प्रश्न शांतपणे वाचा. शक्य तर जोडीदारासोबत वाचा. जुन्या गोष्टी दोघांना मिळून नीट आठवतात.

१. भारतात २००१ पूर्वी किंवा नेदरलँड्समध्ये १९९२ पूर्वी आपल्याला रक्त चढवले होते का? बाळंतपण, अपघात, मोठी शस्त्रक्रिया आठवून पाहा.

२. उकळून पुन्हा वापरल्या जाणाऱ्या काचेच्या सिरिंजने वारंवार इंजेक्शने घेतली होती का?

३. आपले कधी डायलिसिस झाले आहे का?

४. जत्रेत गोंदवून घेतले, किंवा एकच सुई अनेकांना वापरून कान-नाक टोचले, असे झाले होते का?

५. आई, भावंडे, पती किंवा पत्नी यांपैकी कुणाला हिपॅटायटिस बी किंवा सी, सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग झाला होता का?

६. तरुणपणी एकदा जरी नशेचे इंजेक्शन घेतले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. डॉक्टर निवाडा करायला बसलेला नसतो.

एकाही प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नक्की आठवत नाही" असे असेल, तर हाउसआर्ट्सकडे वेळ घ्या आणि स्पष्ट सांगा : "मला हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी हवी आहे, कारण अमुक साली भारतात मला रक्त चढवले होते." साल सांगायला विसरू नका. सर्व उत्तरे "नाही" असतील तर निर्धास्त राहा. हा लेख वाचून उगाच तपासणीला धावू नका.

जे आईवडील काही महिन्यांसाठी मुलांकडे येतात, त्यांना इथला नियमित विमा नसतो. प्रवासविम्यात अशा तपासण्या सहसा बसत नाहीत. त्यांनी निघण्यापूर्वी भारतातच सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

"आता पंच्याहत्तरी उलटली, तपासून काय करायचे?" असा प्रश्न काहींनी विचारला. यकृताची झीज हळू होते, त्यामुळे वय वाढेल तसा उपचाराचा लाभ थोडा कमी होतो, हे खरे. पण नवीन गोळ्या ज्येष्ठांनाही सोसतात, आणि ज्यांची आणखी दहा-पंधरा वर्षे चांगली जाण्यासारखी आहेत, त्यांनी वयाकडे बोट दाखवून मागे फिरू नये. आपली प्रकृती पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवा. उपचार सुरू करण्यापूर्वी आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या ठोक्यांसाठीची आणि कोलेस्टेरॉलची काही औषधे या गोळ्यांसोबत चालत नाहीत. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही लपवू नका. बी विषाणूची तपासणी आधी होणे आवश्यक आहे, कारण सी गेल्यावर दबलेला बी कधी कधी डोके वर काढतो.

विनंती

रुग्णसेवा निधीला यंदा पैशांइतकीच माणसांची गरज आहे. डच उत्तम येते, मराठीही येते आणि महिन्यातून एक सकाळ देता येते, अशा भाविकांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावे. निवृत्त परिचारिका, डॉक्टर, औषधविक्रेते यांचे विशेष स्वागत आहे. एका ज्येष्ठासोबत दवाखान्यात अर्धा तास बसणे, हीही सेवाच.

ज्यांना आर्थिक साहाय्य करायचे आहे त्यांनी देणगी देताना पावतीवर "रुग्णसेवा" असे लिहावे. दिलेल्या प्रत्येक युरोचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल. आपल्या लोकांचा पैसा कुठे गेला आणि त्यातून किती जणांचे भले झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि हा लेखही त्याच विचाराने लिहिला आहे.

आणि हो, येत्या एकादशीला भगर काकूंच्याच हातची असेल. जरूर या.

आपली,
आरोग्य समिती